डोळा आवळतोय

3 जून 2020, पहाट. तुम्ही महाबळेश्वरच्या बाजारपेठेत उभे आहात. टाळेबंदीमुळे दुकानांची फळकुटं उन्हाळ्याच्या हंगामातही उघडलेली नाहीत. आता वाऱ्याकडे पाठ करा आणि डावा हात बाजूला पसरा. वारा साताऱ्याच्या अंगाने, आग्नेयेकडून येतोय, म्हणजे हात नैर्ऋत्येला गेला, समुद्राकडे. ‘निसर्ग’ चक्रीवादळ तिथे आहे. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, म्हणून डाव्या हाताची ही खूण फारशी चुकत नाही. डोंगरदऱ्यांत वारा वळसे घेतो, तेवढी सूट द्या.

आता मुंबईच्या रडारच्या पडद्यासमोर या. पावसाच्या दाट कड्याच्या मधोमध एक मोकळी जागा दिसते. तो डोळा. वादळ किनारा गाठण्याआधी हवामान खात्याने सांगितलं की डोळ्याचा व्यास सुमारे 65 किलोमीटर आहे आणि गेल्या तासाभरात तो कमी झालाय, म्हणजेच वादळ जोर धरतंय. वाऱ्याचा वेगही त्याबरोबर वाढवून सांगितला. बहुतेकांनी 65 हा आकडा लक्षात ठेवला. खरी बातमी ‘कमी झालाय’ या शब्दांत होती.

तसं का, ते पाहायचं तर डोळ्याच्या भिंतीत शिरा. समुद्रावरची दमट हवा फिरत फिरत केंद्राकडे ओढली जातेय. केंद्रापासूनचं अंतर घटेल तसा तिच्या फिरण्याचा वेग वाढतो. घर्षण नसतं तर अंतर निम्मं होताच वेग दुप्पट झाला असता. लाटा त्यातला काही भाग खातात, तरी उरतो तो पुरेसा असतो. भिंतीत हवा वर चढते, वाफेचं पाणी होतं, उष्णता सुटते. मधल्या डोळ्यात हवा खाली उतरते, तापते, ढग विरतात. भिंत आत सरकली की दाब उतरतो आणि वारे चढतात.

मग डोळा जितका लहान, तितकं वादळ मोठं? थोडं मागे आणि बरंच लांब जाऊ. 19 ऑक्टोबर 2005, कॅरिबियन समुद्र. ‘विल्मा’चा डोळा जेमतेम पावणेचार किलोमीटरचा, म्हणजे महाबळेश्वरच्या पठारावर सहज मावेल एवढा. वारे ताशी 295 किलोमीटर, दाब 882 मिलिबार. आणखी मागे, ऑक्टोबर 1979, पश्चिम पॅसिफिक. ‘टिप’चा दाब 870, म्हणजे विल्माहूनही खाली, पण डोळा तिच्याहून कितीतरी रुंद. 1960च्या ‘कार्मेन’चा डोळा तर साडेतीनशे किलोमीटरच्या वर होता, आणि जोरात ती या दोघांच्या जवळपासही नव्हती. शिवाय अगदी चिमुकला डोळा टिकत नाही. बाहेर नवी, रुंद भिंत तयार होते आणि आतली कोसळते. विल्माचं तेच झालं. वारे काहीसे उतरले, पण त्यांचा घेर वाढला.

परत 3 जूनची दुपार. साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं, वारे ताशी शंभर किलोमीटरच्या वर. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुन्हा महाबळेश्वरात उभे राहा. केंद्र इथून सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर, म्हणजे डोळ्याच्या काठापासूनही तुम्ही चाळीसेक किलोमीटर दूर. पण वारा फिरलाय. तो आता कोकणातून, नैर्ऋत्येकडून घाट चढून येतोय, फांद्या मोडतायत, आणि पाठ केलीत तर डावा हात वायव्येला जातो. सह्याद्री आडवा आहे म्हणून सातारकर निर्धास्त असतात. डोळ्याबाहेरचे वाऱ्या-पावसाचे पट्टे हे ऐकत नाहीत.

सांगलीला आयर्विन पुलावर या. केंद्र इथून सव्वादोनशे किलोमीटर. पाऊस आहे, पण कृष्णा अजून उन्हाळ्याच्या पात्रात आहे. ऑगस्ट 2019 मध्ये याच पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. 45 फूट म्हणजे धोका, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक आहे. तरी पाणी किती फुटांवर आहे एवढं विचारून सांगलीकर थांबत नाही. चढतंय की उतरतंय, तासाला किती, कोयना धरणातून विसर्ग किती, हेही विचारतो. वादळाचा डोळा वाचायला लागणारी अक्कल हीच आहे, आणि ती कृष्णाकाठाला आधीच आहे.

पुढचं वादळ अरबी समुद्रात उठेल तेव्हा डोळ्याचा आकडा ऐकून बातमी बंद करू नका. तासाभरापूर्वी तो किती होता ते विचारा, भिंत अखंड आहे का ते विचारा, आणि वाऱ्याचा घेर आपल्या तालुक्यापर्यंत येतो का, हे आधी विचारा.