शिकवणं हेही कायद्यातलंच काम

मौद्याच्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून खर्रा होतो, हे आपण रोज पाहतो. आता थोडं मागे जाऊ. १९१३ साली अमेरिकेत ब्रिजपोर्टला डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी डेंटल हायजिनिस्टचा वर्ग सुरू केला. त्यात शिकलेल्या बायका शाळांत जाऊन मुलांचे दात साफ करू लागल्या, घासायला शिकवू लागल्या. आपल्या १९४८च्या दंतवैद्यक कायद्यातही ही दोन्ही कामं सांगितली होती: दात साफ करणं आणि मुखस्वच्छता शिकवणं. आपण मात्र पहिलंच धरून बसलो. २०१२ला राज्यात गुटखाबंदी आली, तरी खर्रा घोटला जातोच. सुपारीनं गाल आतून ताठरतात, तोंड उघडेनासं होतं. मग ब्रश आत जाणार कसा? म्हणून आम्ही म्हणतो, पोरगं ठेल्यावर जायच्या आधी हायजिनिस्ट त्याच्या शाळेत पोचला पाहिजे.