रिकाम्या सीटचा इतिहास

अमेरिकेत गाडी चालवायला लागलं की पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट चक्रावून टाकते. सिग्नल लाल असतो, आपण शहाण्यासारखे थांबलेले असतो आणि मागचा हॉर्न वाजवतो. उजवीकडे वळायचंय ना? मग डावीकडून कोणी येत नाहीये एवढं बघ आणि वळ, असं त्याचं म्हणणं. तिथली वाहतूक उजव्या बाजूने चालते, म्हणजे हा आपल्या ‘फ्री लेफ्ट’चाच चुलतभाऊ. पश्चिमेकडच्या राज्यांत ही मुभा आधीपासून होती. देशभर पसरली ती १९७५च्या ऊर्जा कायद्यामुळे. ऊर्जाबचतीसाठी केंद्राचा पैसा हवा असेल तर राज्यांनी लाल दिव्यावर उजवं वळण द्यावं, अशी अटच त्यात होती. उभ्या गाडीचं इंजिन पेट्रोल पीत राहतं आणि अंतर कापतं शून्य, हा त्यामागचा साधा हिशोब. न्यूयॉर्क शहराने मात्र दाद दिली नाही. तिथे पाटी असल्याशिवाय आजही असं वळता येत नाही.

हा कायदा ज्या भीतीतून आला, ती ऑक्टोबर १९७३मधली. इजिप्त आणि सीरियाने इस्राएलवर हल्ला केला, अमेरिकेने इस्राएलला शस्त्रं पुरवली आणि अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो जवळपास चौपट झाला. पंपांवर रांगा लागल्या. काही राज्यांत नंबरप्लेटचा शेवटचा आकडा सम की विषम, त्यावर आज पेट्रोल मिळणार की उद्या हे ठरू लागलं.

निक्सन यांनी २ जानेवारी १९७४ रोजी सही केली आणि देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८९ किलोमीटरची, वेगमर्यादा आली. इंजिनिअर म्हणून मला हा नियम पटतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ७० मैलांना तो ५५च्या दीडपटीहून जास्त असतो. पण गणित बरोबर असलं म्हणून माणसं ऐकतात थोडीच? ट्रकवाले सीबी रेडिओवरून एकमेकांना पुढे पोलीस उभे असल्याची खबर देत. १९८४मध्ये सॅमी हॅगरने या मर्यादेवर वैतागून चक्क एक रॉक गाणं केलं. १९८७मध्ये नियम सैल झाला, १९९५मध्ये गेला. शिवाय शहरात रोज सकाळी कोंडीत मुंगीच्या चालीने सरकणाऱ्याला ५५ची मर्यादा काय कामाची? त्याचं पेट्रोल वेगात जळत नव्हतं. ब्रेक, पुन्हा ॲक्सिलरेटर, पुन्हा ब्रेक, यात जळत होतं. आणि बाजूच्या तीन सीट रिकाम्या होत्या.

या रिकाम्या सीटचं उत्तर वॉशिंग्टनच्या दक्षिणेला सापडलं. व्हर्जिनियाच्या उपनगरांतून पेंटॅगॉनकडे येणाऱ्या शर्ली हायवेवर १९६९पासून बससाठी वेगळी मार्गिका होती. शेजारी गाड्या तुंबलेल्या आणि बस सुसाट. डिसेंबर १९७३मध्ये, तेलटंचाई ऐन भरात असताना, किमान चार माणसं असलेल्या खाजगी गाड्यांनाही तिथे प्रवेश मिळाला. सरकारची कल्पना अशी की शेजारी-सहकारी मिळून गट करतील, पाळ्या लावतील, पेट्रोलचे पैसे वाटून घेतील.

झालं वेगळंच. ज्यांचा गट पुरा होत नव्हता, ते ड्रायव्हर बसथांब्यापाशी गाडी हळू करून विचारू लागले, पेंटॅगॉन? रांगेतले दोघं-तिघं चढायचे. ड्रायव्हरला वेगवान मार्गिका मिळायची, प्रवाशाला फुकट प्रवास. पैशांचा विषयच नाही. बसथांब्यावर उभे राहून बसमध्ये न चढणाऱ्या या लोकांना वैतागलेले बसचालक ‘स्लग’ म्हणू लागले, म्हणजे तिकिटाच्या पेटीत टाकलेलं खोटं नाणं, असं सांगतात. शिवी होती, लोकांनी तीच नाव म्हणून मिरवली. स्प्रिंगफील्डमधली एक रांग ‘बॉब्ज’ म्हणून ओळखली जाते, कारण ती तिथल्या ‘बॉब्ज बिग बॉय’ रेस्तराँपाशी लागायची. रेस्तराँ कधीच गेलं.

हे सगळीकडे जमलं नाही. लॉस एंजेलिसमध्ये मार्च १९७६मध्ये सांता मोनिका फ्रीवेवरची एक मार्गिका तीन किंवा जास्त माणसांच्या गाड्यांसाठी राखली, तर शहर पेटून उठलं आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने प्रयोग थांबवला. फरक माझ्या मते एवढाच: शर्ली हायवेवर नवी मार्गिका बांधली होती, इथे लोकांच्या वापरातली काढून घेतली.

त्या भागात प्रोजेक्टवर असताना, गाडी घेण्याआधी सहा महिने, मी या रांगेत उभी राहिले. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “अगं, अनोळखी माणसाच्या गाडीत? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” तिला मी नियम वाचून दाखवले. ड्रायव्हर बोलला तरच बोलायचं. गाडीत खायचं नाही, सिगारेट नाही. रेडिओ त्याचा, एसी त्याचा. पैसे द्यायचे नाहीत, उतरताना आभार मानायचे. आणि रांगेत एकट्या बाईला मागे ठेवून जायचं नाही. आई या शेवटच्या नियमापाशी थांबली. “हे कोणी केलं?” कोणीच नाही. ना महामंडळ, ना पोलीस. एकदा संध्याकाळी पेंटॅगॉनच्या रांगेत माझ्या पुढचा माणूस त्याची गाडी आलेली असताना बाजूला झाला आणि मला म्हणाला, तू जा. मागे कोणीच नव्हतं, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

असा भरवसा ॲपमधल्या पाच ताऱ्यांनी येत नाही. त्याच रस्त्यावरून तीच माणसं रोज जातात, आज ड्रायव्हर असलेला उद्या रांगेत असतो, आणि फायदा दोघांचाही असतो, तेव्हा तो येतो. पेट्रोल वाचवा म्हणून पाट्या लावल्या असत्या तर एकही रांग लागली नसती. लोकांना वेळ हवा होता. पेट्रोल आपोआप वाचलं.

१९८९मध्ये चारची अट तीनवर आली. पेट्रोल पुन्हा स्वस्त झालं तशी देशात एकत्र जाण्याची सवयही ओसरली. १९८०च्या जनगणनेत कामावर जाणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के लोक गाडी वाटून घेत. २०१९पर्यंत हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास उतरलं. याच रस्त्यावर २०१४मध्ये आणि मग २०१९मध्ये टोलच्या एक्स्प्रेस मार्गिका आल्या. आता एकटा माणूसही त्यात शिरू शकतो, फक्त टोल भरायचा, आणि तो गर्दीप्रमाणे मिनिटामिनिटाला बदलतो. पूर्वी जी जागा फक्त सोबत्यानेच मिळायची, ती आता कार्डानेही मिळते. मला हे खटकतं. पगार चांगला असलेल्याला तिसरा माणूस शोधायची गरजच उरली नाही. त्यात २०२०मध्ये ऑफिसं घरात आली आणि रांगा आणखी विरळ झाल्या.

तीन माणसं असतील तर ती मार्गिका अजूनही फुकट आहे. टोलच्या डबीवरची कळ तेवढी ‘एचओव्ही’कडे सरकवायची.