बंगल्याच्या आवारासाठी लोडर निवडताना...

नांदेड, लातूर परिसरात माती उचलणाऱ्या जवळपास प्रत्येक पिवळ्या यंत्राला 'जेसीबी' म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या कंपनीचे ते नाव. या सरसकट नावामुळे आवारातील लहान कामालाही मोठे यंत्र मागविले जाते. सपाटीकरण दोन तासांत उरकते. पण मोडलेले कुंपण, उखडलेली फरशी आणि दडपलेली माती मागे राहते. म्हणूनच यंत्रांमधील फरक जाणून घेणे हिताचे ठरते.

बॅकहो लोडर : पुढे बकेट आणि मागे खोदकामाचा लांब हात असलेले हे यंत्र सर्वांच्या परिचयाचे आहे. शोषखड्डा, जमिनीखालची टाकी किंवा जलवाहिनीचा चर खणायचा असल्यास तेच उपयुक्त. मात्र त्याचे वजन साधारण साडेसात टन असते आणि वळण्यास ऐसपैस जागा लागते. अरुंद फाटकातून ते आत घेणे अवघड.

स्किड स्टीअर लोडर : अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात लुई व सिरिल केलर या बंधूंनी १९५७ मध्ये टर्कीपालनाच्या शेडमधील खत काढण्यासाठी तीनचाकी छोटा लोडर बनविला. त्यातूनच हे यंत्र विकसित झाले. दोन्ही बाजूंची चाके वेगवेगळ्या गतीने फिरवून ते जागच्या जागी वळते. मुरूम पसरणे, राडारोडा उचलणे यासाठी ते सोयीचे. परंतु वळताना चाके घासत असल्याने हिरवळ व पेव्हर ब्लॉक खराब होतात.

ट्रॅक लोडर : चाकांऐवजी रुंद रबरी पट्टे असल्याने वजन विभागले जाते. मऊ जमिनीत ते कमी रुतते. किंमत अधिक असून अणकुचीदार दगडांवर पट्टे लवकर झिजतात.

ट्रॅक्टरचा लोडर : घरचा ट्रॅक्टर असल्यास हलक्या भरणीसाठी हा पर्याय स्वस्त पडतो. मागे पुरेसे वजन नसेल तर बकेट उचलताना मागची चाके हलकी होतात.

क्षमतेचे आकडे पाहतानाही सावध राहावे. यंत्र ज्या भाराला पुढे कलंडते, त्याच्या ५० टक्के भार चाकांच्या स्किड स्टीअरसाठी आणि ३५ टक्के भार ट्रॅक लोडरसाठी क्षमता म्हणून धरण्याची पद्धत आहे. त्यामुळे दोहोंच्या आकड्यांची थेट तुलना करू नये.

मराठवाड्यातील काळी माती भिजली की फुगते आणि चाकांना चिकटते. ओल्या मातीवर जड यंत्र फिरविल्यास ती घट्ट दडपली जाते. मग पाणी मुरत नाही, मुळे वाढत नाहीत. यासाठी वाफसा आल्यावरच काम काढावे. वरची फूटभर सुपीक माती आधी बाजूला ठेवून शेवटी पसरावी. इमारतीच्या पायालगत अभियंत्याच्या सल्ल्याविना खोल चर खणू नये. १९९३ चा किल्लारीचा भूकंप अनुभवलेल्या भागात हे पथ्य अधिकच महत्त्वाचे.

काम सुरू असताना मुलांना दूर ठेवावे. चालकाला मागचे नीट दिसत नाही. उचललेल्या बकेटखाली कोणीही जाऊ नये.

थोडक्यात, दर विचारण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : फाटकाची रुंदी, मातीची ओल आणि काम खणण्याचे आहे की उचलण्याचे. तासाचा दर कमी असला, तरी चुकीचे यंत्र महागच पडते.