जावईबापूंचं घड्याळ

विकणाऱ्यानं घड्याळ मला पुढून दाखवलं, मी ते उलटं केलं. मागच्या झाकणावर जरा तिरक्या, हातानं कोरलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘जावईबापूंस सप्रेम भेट, १२-५-७४’. बंगळुरूच्या चिकपेठेत बी.व्ही.के. अय्यंगार रस्त्यावर रविवारी जुना बाजार भरतो. तिथं कुलपं, तोट्या आणि चार्जरच्या ढिगाशेजारी उकिडवं बसून मी ती मराठी अक्षरं वाचली आणि मला तिथून उठवेना. एच.एम.टी. जनता. त्यानं दीड हजार सांगितले आणि नऊशेला दिलं. मागं नाव कोरलेलं घड्याळ लवकर खपत नाही, असं त्याचं म्हणणं. पाठीवरच्या ज्या ओळीसाठी मी ते घेत होते, तिच्यापायीच ते सहाशेनं उतरलं.

कोरमंगलाच्या सहाव्या ब्लॉकातल्या घरी आले, जेवणाचं टेबल रिकामं केलं, पांढरा रुमाल पसरला आणि भिंग घेतलं. जुन्या घड्याळाची पहिली परीक्षा तबकडीची. कारखान्यात छापलेलं अक्षर भिंगाखाली कडेला स्वच्छ तुटतं, शाई किंचित उभी राहिलेली दिसते. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर तीच अक्षरं पसरतात, आणि मिनिटांच्या बारीक रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. या तबकडीचा पांढरा रंग सायीसारखा पिवळसर झाला होता, आणि चारच्या आकड्याजवळ ओल शिरल्याचा तपकिरी डाग होता. पण रेघा जुळत होत्या, आणि काट्यांवरही तेवढंच वय दिसत होतं. तबकडी जुनी आणि काटे कोरे असले, की दोन घड्याळांचं एक केलेलं असतं.

हे मी पैसे घालवून शिकले. चार वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून एच.एम.टी.चंच काळ्या तबकडीचं पायलट घेतलं होतं. काळा रंग गडद, आकडे दुधासारखे पांढरे, मी हरखून गेले. घरी भिंग लावलं तर पायलट या शब्दाचं शेवटचं अक्षर बाजूच्या रेघेवर चढलेलं. तबकडी नव्यानं रंगवलेली होती. अशा घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुनं मशीन, कुठलीशी केस, भडक रंगाची नवी तबकडी. आपल्या मुंबईचं नाव अशा मालाला चिकटलेलं वाचून मला फार वाईट वाटलं. घड्याळ दुरुस्त करणारे हात आपल्याकडे इतके तयार आहेत, त्याच हातांनी पुसायचंही काम करावं हे मला पटत नाही. तबकडी रंगवली की तिचं वय जातं, आणि मग तिच्याकडून काही कळून घेता येत नाही.

दुसरी परीक्षा आतली. झाकण उघडलं. मशीनच्या पुलावर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, एच.एम.टी.चंच नाव होतं. जनता म्हटलं की घड्याळजींच्या तोंडी ०२३१ हा आकडा येतो: सतरा ज्वेलचं, रोज हातानं चावी द्यायचं मशीन, मूळ आराखडा जपानच्या सिटिझनचा. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. बॅलन्सचं चाक मी काडीनं जरासं हलवलं. ते दोन-तीन झोके घेऊन थांबलं. तेल वाळलं होतं, पण केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग सुबक गोल होती. ती वाकलेली असती, तर ती परत बसवणारा माणूस शोधणं हेच मोठं काम झालं असतं.

हे मशीन बहुधा ज्या गावी बनलं, ते माझ्या घरापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. जलहळ्ळी. स्वातंत्र्याआधी मनगटी घड्याळ म्हणजे परदेशी वस्तू. फेव्हर-ल्युबा १८६५ पासून आपल्याकडे धंदा करत होती. वेस्ट एंड वॉच कंपनीच्या तबकड्यांवर मुंबई आणि कलकत्त्याचं नाव असे, आणि तिचं ‘सोवार’ म्हणजे आपला घोडेस्वार, हे फौजेतल्या माणसांत नावाजलेलं. घड्याळ येई ते साहेबाकडे, वकिलाकडे, फार तर स्टेशनमास्तरकडे. १९५३ साली जलहळ्ळीला हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एच.एम.टी., सुरू झालं ते लेथसारखी यंत्रं बनवायला, स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनच्या सहकार्यानं. बंगळुरू तेव्हा सरकारी कारखान्यांचं शहर होत होतं: १९४० साली विमानांचा कारखाना, १९४८ साली टेलिफोनचा, १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स. त्याच जलहळ्ळीत १९६१ साली सिटिझनच्या मदतीनं घड्याळांचा कारखाना उभा राहिला, आणि पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली.

लेथ बनवणाऱ्यांनी घड्याळात हात घालावा, हे मला या सगळ्या कथेतलं सर्वांत धाडसाचं पाऊल वाटतं. लेथ टनात मोजायचा. इथं स्क्रू एवढे बारीक की जमिनीवर पडला तर गेला. जुळणीच्या टेबलांवर मोठ्या संख्येनं बायका बसल्या. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, दिवसभर मान खाली. माझ्या समोरच्या उघड्या मशीनमधलं बॅलन्सचं चाक अशाच कुणा बाईनं बसवलं असेल. तिचं नाव पुलावर नाही, ते असतं तर मी आधी ते वाचलं असतं.

पुढं कारखाने वाढले. बंगळुरूचा दुसरा आला, श्रीनगरजवळ झैनाकोटला एक झाला, १९७८ साली तुमकूर, नंतर नैनीतालकडचं राणीबाग. माझ्या घड्याळाच्या पाठीवर १९७४ आहे, म्हणजे तुमकूरचा दावा तिथंच निकालात निघाला. बहुधा हे जलहळ्ळीचंच लेकरू. ते बनलं तेव्हा कोरमंगला म्हणजे शेतं, तळं आणि एक गाव. हे ब्लॉक पाडणारी बंगलोर डेव्हलपमेंट ऑथॉरिटीच १९७६ साली स्थापन झाली.

एच.एम.टी. मोडलं कसं, ते थोडक्यात सांगते, कारण ते सांगताना मन रमत नाही. आमच्या कोरमंगलाच्या कडेनं होसूर रोड जातो. त्याच रस्त्यानं पुढं तमिळनाडूच्या हद्दीत, होसूरला, टायटननं आपला कारखाना उभारला. कंपनीची स्थापना १९८४ची. सेलवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ आलं: चावी नको, वेळ अचूक, वर दिसायला देखणं. एच.एम.टी.नंही क्वार्ट्झ काढलं होतं, पण वारं फिरलं. २०१४ साली घड्याळं बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा लोक दुकानांवर धावले, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एच.एम.टी. वॉचेस बंद करण्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यानंतर जुन्या जनता आणि पायलटचे भाव चढले, आणि भावाबरोबर रंगवलेल्या तबकड्याही वाढल्या.

आमच्या घरी एच.एम.टी. हे नाव घड्याळाच्या आधी पानात आलं. माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातलं. तिथं नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे छोटे शेतकरी होते. शेतातल्या धानात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून, वर्षानुवर्षं पेरून एक बारीक, सुवासिक वाण तयार केलं. वाणाला नाव पडलं एच.एम.टी., तेव्हा सगळ्यांच्या ओठांवर असलेल्या घड्याळावरून. दादाजी जून २०१८ मध्ये गेले. त्यांचा तांदूळ आजही आई मला पिशवी भरून पाठवते, आणि कोरमंगलाच्या स्वयंपाकघरात तो शिजतो. एका कारखान्याचं नाव शेतकऱ्याच्या धानाला पडावं, एवढी त्या घड्याळाची पत होती. बाजारातल्या दरापेक्षा मला ही किंमत खरी वाटते.

दुसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन मी जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. जिन्याखाली एवढीशी खोली, त्यात म्हातारे चाचा. त्यांनी भिंग डोळ्याला चढवलं, मशीन पाहिलं आणि खूश झाले. मग तबकडीवर नजर गेली. ‘‘मॅडम, डायल नया कर देता हूँ, एकदम चकाचक.’’ मी म्हटलं, ‘‘नको चाचा, डाग राहू दे. फक्त तेल आणि सफाई.’’ त्यांनी मागचं झाकण बोटानं चोळलं आणि विचारलं, ‘‘ये भी घिस दूँ? नाम निकल जाएगा.’’ मी हात पुढं करून झाकण मागून घेतलं. ते हसले नाहीत. फक्त मान हलवली आणि म्हणाले, ‘‘किसी का शादी का है.’’ मी हो म्हटलं. त्यांनी मशीन सुटं करून पेट्रोलमध्ये धुतलं, तेल घातलं, आणि सांगितलं की आता दिवसाला तीन-चार मिनिटं मागं पडेल. मागं पडू द्या म्हटलं. प्लास्टिकची काच मीच टूथपेस्टनं घासली. मोठे ओरखडे तसेच राहिले, बारीक गेले.

१२ मे १९७४. मी कॅलेंडर काढून पाहिलं, रविवार होता. आणि तो नुसता लग्नसराईतला रविवार नव्हता. ८ मेला देशभरात रेल्वेचा संप सुरू झाला होता, जॉर्ज फर्नांडिसांचा, आणि तो २७ तारखेपर्यंत चालला. या सासऱ्यानं जावयासाठी घड्याळ आधीच आणून ठेवलं असणार. पण ज्या दिवशी ते मनगटावर चढलं, त्या दिवशी वऱ्हाड आलं कशानं? हे मला झोपू देईना. रात्री आईला फोन केला.

‘‘चौऱ्याहत्तरचा मे?’’ आई म्हणाली. ‘‘अगं, आमच्या शेजारच्या सुमनचं लग्न त्याच महिन्यातलं. गाडी बंद म्हणून वऱ्हाड धानाच्या ट्रकमधून आलं होतं. सगळ्यांच्या धोतरा-लुगड्यांना तूस चिकटलेलं. नवरदेव तर पुढं ड्रायव्हरशेजारी बसून आला, बाशिंग मांडीवर घेऊन.’’

‘‘आणि त्याला घड्याळ दिलं होतं का?’’

‘‘दिलं होतं. आमच्याकडे तेव्हा घड्याळ दिल्याशिवाय जावई मांडवात बसत नसे.’’ मग थोडा वेळ ती गप्प राहिली. ‘‘मागं काय कोरलंय म्हणालीस? पुन्हा एकदा वाच बरं.’’

मी घड्याळ दिव्याखाली धरलं आणि तिला अक्षर-अक्षर वाचून दाखवलं.