मुलाच्या मानसिक उपचारांचा वर्षाचा हिशेब: डॉक्टर कोणता, पैसे कुठून

दहावीतला मुलगा दोन महिने नीट झोपत नाही, ताट तसंच ठेवून उठतो, मित्रांचा फोन घेत नाही. घरात आधी 'नजर लागली' म्हटलं जातं, नाहीतर सगळा दोष मोबाईलवर येतो. मग जो जिथलं सांगेल तिथे जाणं होतं. सहा-आठ महिन्यांनी शाळेतून बोलावणं आलं की घाबरून एखाद्या महागड्या क्लिनिकची वेळ घेतली जाते. पैसे पहिल्या दोन महिन्यांत संपतात आणि तिसऱ्या महिन्यात उपचार बंद. सहा महिन्यांनी त्रास परत उफाळला की सगळं पहिल्यापासून.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की पहिल्या बिलाचा नाही, वर्षाचा विचार करून सुरुवात करा. हा त्रास दुर्मीळ नाही. निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या पाहणीत १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार जण.

दवा आणि दुआ

दुआ करा, सदका द्या, मौलानांकडून दम करून घ्या, त्याला कुणाचीच हरकत नाही. पण त्यासाठी दवा थांबवायची नसते. गुजरातमधल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात महाराष्ट्रातूनही खूप लोक जातात. तिथेच 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला, ज्यात जियारतीला आलेल्या रुग्णाला मनोविकारतज्ज्ञाकडेही पाठवलं जातं. उलट तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका खासगी आश्रयगृहाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई केली आहे. 'जिन्न उतरवतो' म्हणून हजारो रुपये मागणाऱ्या आमिलाला देण्याआधी ही रक्कम वर्षभराच्या औषधांची आहे, हे ध्यानात असू द्या.

कोणाकडे जायचं

सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. हा डॉक्टर असतो आणि औषध लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या करतो आणि थेरपी देतो, औषध लिहीत नाही. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. पहिल्या भेटीत नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. 'काउन्सेलर' ही पाटी कोणाच्याही दारावर दिसते, त्यामुळे तिथे शिक्षण आणि अनुभव विचारल्याशिवाय फी भरू नका.

हिशेब असा मांडा

खालचे आकडे फक्त पद्धत दाखवण्यासाठी आहेत, तुमच्या गावातले दर टाकून पाहा. समजा, खासगी डॉक्टरची पहिली भेट १,५०० रुपये, पुढे महिन्याला एक याप्रमाणे ११ भेटी १,००० च्या. थेरपीची १६ सत्रं १,२०० रुपयांनी. औषधं महिना ८०० आणि सुरुवातीच्या तपासण्या २,०००. एकूण झाले ४३,३०० रुपये. रिक्षा-ट्रेनचं भाडं आणि अम्मी किंवा अब्बांचा बुडालेला रोज वेगळा.

यात थेरपीचेच १९,२०० आहेत. लोक नेमकी तीच आधी बंद करतात आणि 'गोळी तर चालू आहे ना' म्हणून समाधान मानतात. आमचा सल्ला उलटा आहे. डॉक्टर आणि औषध सरकारी ठिकाणी घ्या आणि हातातला पैसा थेरपीसाठी राखून ठेवा. सरकारी ओपीडीत डॉक्टर चांगला भेटतो, पण बाहेर रांग असते आणि पंधरा वर्षांच्या मुलीचं मन मोकळं व्हायला पाच मिनिटं पुरत नाहीत.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, त्यामुळे आधी जिल्हा रुग्णालयात मनोविकार ओपीडीचे दिवस विचारा. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे. जे., पुण्यात ससून. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं बाह्यरुग्णही तपासतात. नाव ऐकून दचकू नका, तिथे गेलं म्हणजे भरती झालं असं नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. पालिकेची रुग्णालयं आणि मेडिकल कॉलेजं त्यात येत नाहीत. तिथे केसपेपरचे पैसे द्यावे लागतात, पण खासगीच्या मानाने ते फारच थोडे. शिकाऊ डॉक्टर बदलत राहतात, म्हणून सगळे कागद तारखेवार एका फाईलमध्ये ठेवा, नाहीतर दर वेळी तीच कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. औषध बाहेरून घ्यावं लागलं तर डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात विचारा.

विमा आणि योजना

२०१७ च्या कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच नियमांनी संरक्षण द्यायचं आहे. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात. महिन्याची फी, थेरपी आणि गोळ्या खिशातूनच जातात. ओपीडीचं कलम आहे का ते आधी वाचा. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. फॉर्ममध्ये आजार लपवू नका, दावा त्यावरूनच फेटाळला जातो. विमा घ्यावा की नाही असा शरई प्रश्न घरात असेल तर आलिमांना विचारा. मात्र नोकरीतून मिळालेली ग्रुप पॉलिसी किंवा ईएसआयचं कार्ड आधीच कपाटात पडलेलं असतं, ते बाहेर काढा. ईएसआयमध्ये आश्रित मुलांच्याही उपचाराची सोय आहे.

भरती करायची वेळ आलीच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. त्यासाठी रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखला मिळायला दिवस जातात, तेव्हा घरात शांतता असतानाच काढून ठेवा.

'निरामय' योजनेचं नाव बरेच जण सांगतात. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. नैराश्य किंवा चिंतेच्या आजारासाठी तिथे खेटे घालू नका.

जकात

बापाला आपल्या मुलाच्या उपचाराचा खर्च स्वतःच्या जकातीत धरता येत नाही. दादा-दादी, नाना-नानीही नातवंडांना जकात देऊ शकत नाहीत, त्यांनी हदिया म्हणून द्यावं. पण घर जकातीस पात्र असेल तर मामू, चाचा, खाला, फुफी जकात देऊ शकतात. रक्कम पात्र पालकाच्या हातात किंवा खात्यात देणं बरं, कारण जकातीत मालकी देणं महत्त्वाचं असतं. परस्पर रुग्णालयाचं बिल भरायचं असेल तर आधी विचारून घ्या. कोकणातले शाफई आणि इतर भागांतले हनफी यांच्यात तपशिलाचा फरक असू शकतो.

जमातीच्या बैतुलमालकडे जाताना मात्र एक काळजी घ्या. कमिटीला खर्चाचा अंदाज आणि उत्पन्नाचा दाखला दाखवला की पुरे. आजाराचं नाव सगळ्यांपुढे वाचलं जायची गरज नाही. मुलीच्या रिश्त्याच्या भीतीने किती घरं मदत मागायलाच जात नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. एकाच विश्वासू जबाबदार माणसाशी बोलून काम होतं. जमातींनीही हा नियम करून टाकावा असं आम्हाला वाटतं.

गोळ्या, रोजे आणि तातडीची वेळ

नैराश्याच्या गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत काही किशोरांमध्ये बेचैनी वाढते, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात. तेव्हा लक्ष ठेवा आणि असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवा. बरं वाटलं म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, ती हळूहळू कमी करावी लागते. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून वेळा बदलून घ्या. लिथियम चालू असेल तर पाणी कमी पडणं धोक्याचं असतं. अशा वेळी रोजा ठेवायचा की नाही हे डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून ठरवा.

मूल जीव देण्याचं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका. घरातली औषधं आणि उंदीर मारायचं विष कुलूपबंद करा आणि जवळच्या रुग्णालयात न्या. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. प्रयत्न झालाच असेल तर पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. रुग्णालय नोंद करेल, पण कायदा अशा माणसाला तीव्र तणावाखालचा मानतो, गुन्हेगार नाही.

१८ वर्षांखालच्या मुलाला भरती करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, मोठ्यांपेक्षा वेगळी जागा द्यावी लागते आणि पालक किंवा सोबतीला माणूस पूर्ण वेळ थांबावा लागतो. मुलीसोबत बापच असेल तर बाई सोबतीण हवी. म्हणजे घरातल्या एकाची रजा हाही हिशेबाचा भाग झाला. खाला येऊन राहतील का, धाकट्यांकडे कोण बघेल, हे आधीच बोलून ठेवा.

मूल १८ पूर्ण करतं त्या दिवसापासून संमती त्याची स्वतःची लागते आणि डॉक्टर त्याला न विचारता तुम्हाला सगळं सांगणार नाहीत. सतराव्या वर्षीच त्याला फाईल कुठे आहे ते दाखवा, गोळ्यांची नावं पाठ करून घ्या आणि पुढच्या भेटीची वेळ त्यालाच फोन करून घेऊ द्या.