आगगाडीत बसलेली नायिका

वाचकहो, प्रेमकथेला इतिहासाच्या तासाला जागा नसते, असा आपला एक समज आहे. राजे, लढाया, तह आणि सनावळ्या पाठ केल्या की झाला इतिहास! पण समाजाची रीतभात कशी पालटत गेली हे पाहायचे असेल, तर एखादा बोलपटही पुष्कळ काही सांगून जातो. १९५९ साली कलकत्त्यात निघालेला ‘चाओया पाओया’ हा बंगाली बोलपट असाच आहे. नावाचा अर्थ, मागणे आणि मिळणे.

गोष्ट तशी साधीच. श्रीमंत बापाची मुलगी. वडिलांनी ठरवलेले लग्न तिला नको आहे, म्हणून ती घर सोडते आणि आगगाडीत बसते. तिथे एक वार्ताहर भेटतो. आधी खटके, मग सोबत आणि सोबतीतून प्रेम. कामे केली होती सुचित्रा सेन आणि उत्तमकुमार यांनी. ह्या जोडीला बंगालने १९५३ पासून डोक्यावर घेतले होते. दिग्दर्शकाचे नाव ‘यात्रिक’, म्हणजे प्रवासी. हा कोणी एक गृहस्थ नव्हे बरं का! तरुण मजुमदार, दिलीप मुखर्जी आणि सचिन मुखर्जी ह्या तिघांनी मिळून घेतलेले ते नाव. त्यांचा हा पहिलाच चित्रपट.

कथेचे बीज मात्र परदेशी. फ्रँक काप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ १९३४ साली आला आणि त्याने पाच प्रमुख ऑस्कर पारितोषिके मिळवली. हिंदीत त्याच बीजावर १९५६ साली राज कपूर-नर्गिस यांचा ‘चोरी चोरी’ निघाला. मग बंगाल्यांनी नवीन काय केलं?

इथेच खरी गंमत आहे. अमेरिकेतली नायिका बापाला नापसंत असलेल्या नवऱ्याकडे निघालेली असते. ‘चोरी चोरी’तली नर्गिसही आपल्या पसंतीच्या वैमानिकाकडेच पळते. बंगाली नायिका मात्र कोणाकडेही निघालेली नाही. तिच्यापाशी फक्त एक नकार आहे.

हा नकार त्या काळात क्षुल्लक नव्हता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने, जबरदस्तीने संमती घेऊन लावलेले लग्न न्यायालयाकडून रद्द करून घेण्याची सोय केली. पण कायदा पुस्तकात आला म्हणून घरात येतो असे थोडेच आहे? माजघरात बापाचाच शब्द चाले.

आणि आगगाडी? हावड्याहून हुगळीला पहिली गाडी गेली ती १५ ऑगस्ट १८५४ रोजी. पुढे बायकांसाठी जनाना डबे आले, म्हणजे पडदाही गाडीत चढला! १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे सियालदा स्टेशनवर उतरले. संसार सावरण्यासाठी मध्यमवर्गातल्या कित्येक मुली नोकरीला बाहेर पडल्या. गाडीतली एकटी मुलगी हळूहळू ओळखीची होऊ लागली. तरी परक्या पुरुषासमोर बसून, कोणाचीही मुलगी वा सून म्हणून नव्हे, नुसते माणूस म्हणून बोलायला तिला जागा होती कुठे? घरात नव्हती. ती तिला डब्यातल्या बाकावर मिळाली.

म्हणून हा बोलपट पाहण्याचा योग आला, तर नायक-नायिका कशी भेटतात ते जरूर पाहा. पण त्याआधी ती उंबरा ओलांडते, तो प्रसंग नजरेतून निसटू देऊ नका. पुढचं सगळं त्या पावलानंतरचं आहे.