छडीच्या जागी काय? पालगडचा एक मुलगा आणि शाळेतल्या शिस्तीचा इतिहास

१/
शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली आहे. वर्गात टरफले पडलेली, गुरुजी संतापलेले, सगळ्या वर्गाला शिक्षा फर्मावलेली, आणि १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेला बाळ टिळक टरफले उचलायला साफ नकार देतो. ही आख्यायिका आहे. पुरावा म्हणून ती वापरता येणार नाही. परंतु जी आख्यायिका समाज पिढ्यानपिढ्या सांगत राहतो, ती त्या समाजाच्या मनाविषयी काही सांगत असते. या गोष्टीत आपण नेहमी त्या मुलाकडे पाहतो. आज जरा त्या गुरुजींकडे पाहू.

२/
गुरुजींपुढचा प्रश्न खोटा नव्हता. वर्गात कचरा झालेला आहे, तो कोणी केला हे ठाऊक नाही, मुले पुष्कळ आहेत आणि चौकशीला वेळ नाही. अशा वेळी सर्वांना सरसकट शिक्षा करणे सर्वांत सोपे. आजही आठवी-नववीच्या कोणत्याही वर्गात हा प्रसंग रोज उभा राहतो. मुलांचे वर्तन सुधारावे यासाठी मोठ्यांनी नेमके काय करावे, हा प्रश्न जुना आहे, आणि त्याची काही उत्तरे जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांच्या चरित्रांत सापडतात. हा थ्रेड त्यांविषयी आहे.

३/
आधी पार्श्वभूमी. गावोगावच्या पंतोजींच्या शाळांत शिक्षा हा अध्यापनाचाच भाग मानला जाई. छडी, उठाबशा, कान पिळणे, अंगठे धरून ओणवे उभे करणे ही त्या शाळांची नित्याची साधने. इंग्रजी अमलात सरकारी शाळाखाते आले. क्रमिक पुस्तके, परीक्षा आणि तपासणीला येणारे डेप्युटी आले. छडी मात्र होती तिथेच राहिली. राज्यकर्त्यांच्या मायदेशातही ती होतीच. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांतून ती कायद्याने हद्दपार झाली ती थेट १९८७ साली. त्यात मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात खासगी शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालाशी जोडले गेले. निकालाची घाई असलेल्या मास्तरांना मुलाशी बोलत बसण्यापेक्षा छडी उगारणे परवडणारे होते.

४/
शिस्तीची दुसरी बाजू याहून कठोर होती. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांचे शालेय शिक्षण साताऱ्यात सुरू होते, तेव्हाच्या आठवणी त्यांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. वर्गात त्यांना इतर मुलांत बसण्याची मुभा नव्हती. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून आणायचा आणि संध्याकाळी घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही.

५/
हे सारे शाळेच्या ‘नियमा’त बसत होते, हे ध्यानात घ्यावे. कोपऱ्यात निमूट बसलेला तो मुलगा वर्गातला सर्वांत ‘शिस्तबद्ध’ विद्यार्थी ठरला असता. म्हणून शिस्तीचा इतिहास वाचताना पहिला प्रश्न असा विचारावा लागतो: वर्तन कोणाचे सुधारायचे आहे? अनेकदा वर्गातले सर्वांत मोठे गैरवर्तन मोठ्यांचे असते, आणि ते नियम म्हणून नोंदवलेले असल्यामुळे दिसत नाही.

६/
याच मुलाच्या आयुष्यात पुढे मुंबईला एक शिक्षक आले. कृष्णराव अर्जुन केळूसकर. त्यांचे गाव वेंगुर्ल्याजवळचे केळूस, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. केळूसकर विल्सन हायस्कुलात शिकवीत. भीमराव शिकत होते एल्फिन्स्टन हायस्कुलात. म्हणजे तो मुलगा त्यांच्या वर्गातला नव्हताच. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा वाचत बसलेला दिसतो, एवढेच त्यांनी पाहिले आणि त्याची विचारपूस केली. पुढे त्याला पुस्तके दिली. १९०७ साली मॅट्रिक झाल्याबद्दल झालेल्या सत्काराच्या सभेत आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि कॉलेजच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे रदबदलीही केली. सुरुवात मात्र एका विचारपुशीने झाली होती. त्या मुलाला गोणपाटावर बसवणाऱ्या शाळेत एवढी साधी गोष्ट करायला कोणाला सुचले नव्हते.

७/
आता या थ्रेडच्या मुख्य माणसाकडे येऊ. दापोली तालुक्यातल्या पालगड गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. इंग्रजी शिक्षणासाठी मुलगा दापोलीच्या मिशन हायस्कुलात गेला. घरची ओढाताण वाढल्यावर औंध संस्थानात, तेथून पुण्यात. कधी अर्धपोटी राहून त्याने शिक्षण पुरे केले. १९१७ साली आई गेली. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी तो खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आला आणि १९२४ साली त्याच गावच्या हायस्कुलात शिक्षक झाला. थोड्याच काळात शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्याच्याकडे आली. साने मास्तरांचे ‘साने गुरुजी’ झाले ते इथे.

८/
छात्रालय म्हणजे शिस्तीची खरी परीक्षा. शाळेतला मुलगा संध्याकाळी घरी जातो. छात्रालयातला जात नाही. खेड्यापाड्यांतून आलेली, घरापासून प्रथमच दूर राहणारी, मिसरूड फुटू लागलेली मुले. अस्ताव्यस्त खोल्या, न धुतलेले कपडे, उशिरापर्यंत लोळणे, भांडणे. प्रचलित उपाय ठरलेले होते: नियमांचा फलक, दंड, छडी, वडिलांना पत्र.

९/
गुरुजींनी काय केले हे त्यांच्या चरित्रकारांनी आणि विद्यार्थ्यांनी वारंवार लिहिले आहे. मुले शाळेत गेली की ते खोल्या झाडीत, विस्कटलेली अंथरुणे आवरून ठेवीत, मळके कपडे धुऊन टाकीत. कोणी आजारी पडला तर रात्र त्याच्या उशाशी काढीत. याविषयी ते बोलत नसत. मुलगा परत येई तेव्हा खोली नीटनेटकी असे. काही दिवसांनी मुले आपली खोली आपणच आवरू लागली, कारण गुरुजींना ते काम करावे लागते याचे त्यांना वाईट वाटू लागले.

१०/
दुसरे साधन ‘छात्रालय दैनिक’. मुलांसाठी गुरुजी ते हाताने लिहून काढीत. थोरांच्या कथा, जगातल्या घडामोडी, छात्रालयातल्या गोष्टी, असे सारे त्यात असे. मुलांना जे सांगायचे ते चारचौघांत दरडावून न सांगता गुरुजी कागदावर लिहीत आणि मुले आपल्या सवडीने वाचीत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला वर्गासमोर झालेला अपमान वर्षानुवर्षे आठवतो. वाचलेल्या गोष्टीतला दोष मात्र तो आपला आपण ओळखू शकतो. १९२८ साली गुरुजींनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही सुरू केले.

११/
यातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली: वर्तनामागे कारण असते आणि ते कळण्यासाठी मुलगा माहीत असावा लागतो. अर्धपोटी शिकलेल्या शिक्षकाला वर्गात पेंगणाऱ्या मुलाकडे पाहून ‘आळशी’ हा शब्द आधी सुचणार नाही. दुसरी: जी सवय मुलांत हवी ती आधी मोठ्यांत दिसावी लागते. तिसरी: चूक दाखवतानाही मुलाची लाज राखता येते.

१२/
परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे हात जोडून थांबू नये. या पद्धतीतही एक धोका आहे. आपले कपडे गुरुजींनी धुतले, या जाणिवेने मुलाला जे वाटते ती शरमच असते. शरम मुकी असली तरी तिचेही ओझे होते. जो मुलगा आधीच स्वतःला कमी लेखतो, त्याला दुसऱ्याचा त्याग आणखी खाली दाबू शकतो. शिवाय शिक्षकाने स्वतःला झिजवत राहावे अशी अपेक्षा एकदा रूढ झाली, की ती शिक्षकाच्याही मुळावर येते.

१३/
गुरुजींच्या लेखनातही हा प्रश्न सरळ सुटलेला नाही. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये पोहायला जाण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते. ज्या पुस्तकाला आपण वात्सल्याचा मानदंड मानतो, त्यातही मार आहे. त्या काळच्या कोकणातल्या घरात तो असणारच. गुरुजींनी तो लपवला नाही. पुढची गंमत अशी, की छडीचा महिमा गाणारे मराठीतले सर्वांत लोकप्रिय गाणे याच पुस्तकावरच्या, आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या चित्रपटात आहे. छात्रालयात केर काढणारा शिक्षक आपल्या स्मरणात राहिला तो छडीच्या तालासह!

१४/
दुसरी मर्यादा अधिक गंभीर. २९ एप्रिल १९३० रोजी गुरुजींनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते सत्याग्रहात उतरले. शिक्षक म्हणून त्यांची कारकीर्द उणीपुरी सहा वर्षांची. त्यांचे नाव राहिले, आठवणी राहिल्या. पण त्यांच्या पद्धतीची व्यवस्था झाली नाही. बालशिक्षणात तसे घडले होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करून आलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे संस्था उभी केली, शिक्षिका घडवल्या, आणि ते काम एका व्यक्तीवर अवलंबून राहिले नाही. माध्यमिक शाळेच्या वाट्याला मात्र आठवणींचे लेख आले.

१५/
आणि कायदा? २००० साली दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील शाळांच्या नियमांतली शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. मात्र या कायद्याच्या व्याख्येतले ‘बालक’ ६ ते १४ वयाचे आहे. म्हणजे ज्या वयात मूल सर्वांत अधिक गोंधळलेले असते, त्या नववी-दहावीच्या उंबरठ्यावर ही व्याख्या संपते.

१६/
छडी काढून घेतली हे योग्यच झाले. पण तिच्या जागी शिक्षकाच्या हाती काय दिले? सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक, असे प्रमाण याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. ते केवळ गणित-विज्ञानासाठी नाही, मुले ओळखता यावीत यासाठीही आहे. खचाखच भरलेल्या वर्गात, तासामागून तास घेणाऱ्या आणि मधल्या वेळेत माहितीचे तक्ते भरणाऱ्या शिक्षकाला ‘साने गुरुजी व्हा’ असे सांगणे ही त्याची थट्टा आहे. त्याला आठवड्यातून एक मोकळा तास द्या, ज्यात तो एकेका मुलाशी बोलू शकेल. जवळपास एखादा समुपदेशक द्या. आणि सरसकट शिक्षेला मुख्याध्यापकांनी नाही म्हणावे, एवढा आधार द्या.

१७/
पुन्हा त्या टरफलांपाशी येऊ. ती गोष्ट आपण बाणेदारपणाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिचा दुसरा अर्थ असा, की आपल्याला कोणी काही विचारलेच नाही हे त्या मुलाला सर्वांत अधिक लागले. केळूसकरांनी बागेतल्या मुलाला विचारले. अमळनेरच्या छात्रालयात मुलांना विचारणारे कोणी होते. शिस्त लावण्याच्या साधनांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मीळ साधन ते हेच. उद्या वर्गात टरफले दिसली तर शिक्षा ठरवण्यापूर्वी एकदा विचारून पाहावे. आणि विचारण्याइतका वेळ शिक्षकाकडे राहील, याची काळजी आपण पालकांनी आणि नागरिकांनी घ्यावी.

(थ्रेड समाप्त. तुमच्या शाळेतल्या अशा एखाद्या विचारपुशीची आठवण असेल तर खाली जरूर लिहा. शाळेचे वा व्यक्तीचे नाव नसले तरी चालेल.)